दिवा उजळेपर्यंत

नवऱ्यामागे त्याची जिवंत प्रवाळांची काचेची टाकी एवान्थियाने जिवापाड जपली होती. मुलगा स्त्रातोस थेस्सालोनिकीहून आला आणि टाकीवरचा जुना मेटल हॅलाइड दिवा उतरवून नवा एलईडी बसवून मोकळा झाला.

"बघ आई, बटण दाबलं की लख्ख! तापत नाही, वीजही कमी खातो."

"जुनाच लाव."

"अगं, त्या रडतराऊला नीट उजळायलाच दहा मिनिटं लागायची!"

एवान्थियाने कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं.

"रोज सकाळी तो दिवा लावून तुझे बाबा कॉफीला माझ्याजवळ येऊन बसायचे. पूर्ण उजेड पडला, की उठून टाकीसमोर. मग दिवसभर माझ्याकडे लक्षच नसायचं. ती दहा मिनिटं तेवढी माझी असायची."