रणमल मरत नाही

"पुठ्ठा काढ," खुशबू म्हणाली. "फासा आमच्यासमोर टाक."

भूपेंद्रनं पुठ्ठा घट्ट धरला. भुयारं, राक्षस अन् ज्याचं त्याचं एक पात्र, असा हा कल्पनेतल्या लढाईचा खेळ तो चालवायचा. राक्षसांचे फासे पुठ्ठ्याआड टाकायचा अन् आकडा तोंडी सांगायचा. आजवर कुणाची हरकत नव्हती.

"काहून? भरोसा नाही का माझ्यावर?"

"नाही. तुझा रणमल मरतच नाही बाप्पा! योद्ध्याले एका पाळीत दोन वार, वरून चिलखत. माझ्या जादूगारणीले एकच मंत्र, अन् फुंकर मारली का ती आडवी. हा कोणता न्याय?"

"जादू पुढं जाऊन भारी पडते."

"कवा? मी म्हातारी झाल्यावर?"

गोलू खो खो हसला. त्याचा वैदू बिचारा पहिल्या दिवसापासून जखमाच बांधत होता.

रणमल हा योद्धा खरं तर त्यांच्या दोस्ताचा, कुलदीपचा. कुलदीप मायशी कडाक्याचं भांडून गुजरातकडं मासेमारीच्या बोटीवर गेला, तो दिवाळीलाही आला नाही. घरी फोन नाही, काही नाही. रणमलनं पुढं काय करायचं, तेवढा त्याचा मेसेज भूपेंद्र दर रविवारी फोनवरून वाचून दाखवायचा, अन् त्याच्या वतीनं खेळायचा. बसायचे मात्र सगळे वरठीला, कुलदीपच्याच घरी. त्याची माय शकुनबाई दुसरीकडं बसूच द्यायची नाही. दुपारी चहा आणायची अन् एकच विचारायची, "रणमल बरा हाये न?" पोराची तेवढीच काय ती खबर तिला.

"रणमल मेला तर कुलदीप मेसेज कायले करीन?" गोलू हळूच म्हणाला. "काकूचा तरी इचार कर."

"मग त्यानं मायले फोन करावा न! खेळ म्हणजे खेळ." खुशबूनं पुठ्ठा ओढलाच.

भुयार आंबागडच्या किल्ल्यावरून बेतलेलं होतं. तळाशी अजगर, अन् त्याच्यासमोर एकटा रणमल. भूपेंद्रनं वीस बाजूंचा फासा उघड्यावर टाकला. अठरा. चिलखत फाटलं. पुन्हा टाकला. वीस, म्हणजे दुप्पट मार. रणमल कोसळला.

"वैदू, मंत्र!" भूपेंद्र ओरडलाच.

गोलूनं फासा टाकला. दोन. मंत्र वाया गेला.

"परत टाक."

"परत कसा? नियम तूच केला बे."

"टाक म्हणतो न!"

खुशबूचा चेहरा उतरला. एवढा अंगावर येणारा भूपेंद्र तिनं कधी पाहिला नव्हता. "टाक गोलू, माझं काही म्हणणं नाही," ती पुटपुटली. गोलूनं परत टाकला. एक.

पुठ्ठा ओढला नसता तर बरं झालं असतं, असं खुशबूला फार वाटलं, पण वेळ गेली होती.

शकुनबाई चहा घेऊन दारात आली. "रणमल बरा हाये न?"

भूपेंद्रनं तोंड उघडलं, अन् त्याला रडूच फुटलं. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडायला लागला.

"गेला काकू," गोलूच शेवटी म्हणाला. "आत्ताच गेला."

तिनं ट्रे खाली ठेवला अन् भूपेंद्रच्या डोक्यावर हात ठेवला. "बस झालं बापू, नको रडू. मेसेज तूच लिवत होता, मले कवाचंच मालूम हाये. लय सांभाळलं तू मले," ती म्हणाली. "आता तरी माझ्या कुलदीपची तेरवी करू दे."