दारातली बोरं

दुष्काळात ऊस वाळला आणि सहकारी साखर कारखाना बंदच राहिला. लग्न झाल्यापासून केसरबाई पहिल्यांदाच हिवाळ्यात घरी होती. एरवी दिवाळी झाली की दाराला कुलूप लागायचं आणि बिऱ्हाड ऊसतोडीला निघायचं.

सकाळी ती अंगण झाडायला गेली, तर बोरीखाली पिकल्या बोरांचा सडा! हे झाड तिनंच लावलेलं. पण फळ पिकायच्या दिवसांत ती कायम परमुलखात. तिनं एक बोर तोंडात टाकलं. छातीत काहीतरी भरून आलं आणि डोळे वाहायला लागले.

नवरा, आश्रुबा, लगबगीनं आला. "रडू नकू. फुडल्या साली कारखाना चालू व्हईल. जाऊ की तोडीला."

ते ऐकलं आणि छातीतलं भरून आलेलं एकदम विझलं. केसरबाई चकित झाली. तिनं दुसरं बोर खाल्लं. छातीत ते भरून येणं परत सुरू झालं.

"आवं, ह्ये दुख न्हाई," ती हळूच म्हणाली. "दुख मला वळखू येतंय. ह्ये दुसरंच कायतरी हाय. लई बरं वाटायलंय."

मग तिनं त्याच्या तळहातावर एक बोर ठेवलं.

"खाऊन बघा. तुमाला बी व्हतंय का?"