खांद्यावरचा उजेड

फादरांनी पडदा ओढला आणि वसईच्या त्या चर्चमधली कुजबुज थांबली. चित्र जुन्या युरोपी धाटणीचं होतं: सगळीकडे गच्च काळोख आणि वरून पडलेला एकच तिरपा झोत. वाकलेल्या येशूचा क्रूस एक उघडाबंब माणूस मागून उचलून धरत होता, आपल्याकडे पाठ करून.

त्या माणसासाठी चित्रकारापुढे उभा राहिला होता इनास, जन्मभर केळ्यांची कावड वाहिलेला. चित्राचा खर्च उचलणारे पास्कोल शेट चित्रातल्या गर्दीतले भक्त झाले होते. पण शेटांचा चेहरा अंधारात बुडाला होता, आणि उजेड पडला होता इनासच्या खांद्यावरच्या काळ्या घट्ट्यावर.

"तो घट्टा पुसा आणि माझ्या तोंडावर उजेड आणा!" शेट देवासमोरच भडकले. "ह्या हमालाचं तर तोंडही दिसत नाही."

इनासने मान खाली घातली. त्याची बायको नाताल मात्र उठून उभी राहिली.

"शेट, क्रूस काय तोंडाने उचलतात?"

सगळं चर्च हसलं. फादर म्हणाले, "चित्र आहे तसंच राहील. मिस्सा सुरू करू."

इनास पहिल्यांदाच पुढच्या बाकावर जाऊन बसला, सदऱ्याची कॉलर खांद्यावरून थोडी मागे ओढून.