सहा माणसांची जागा

दोन वर्षांनी नातवंडं भेटणार होती, म्हणून मिशिगनमधलं तळ्याकाठचं कॅम्पग्राउंड मीच शोधलं. उथळ पाणी, झोके, तंबूला सावली. नोंदणी सहा महिने आधी सकाळी आठला उघडते आणि मिनिटात संपते. मी सातपासूनच फोन धरून बसलो होतो. जागा मिळाली.

काल मुलाचा, कर्टिसचा, फोन आला. "बाबा, तिथे एका जागेवर सहाच माणसं चालतात हो. मी, नोरीन आणि दोन्ही मुलं असे आम्ही चौघं, आणि नोरीनचे आईवडीलही येतो म्हणतायत."

"बरं," मी म्हणालो. "मी पुढच्या वर्षी येईन."

"वाटलंच, तुम्ही समजून घ्याल," तो म्हणाला.

"शुक्रवारी तुमची ती बेडवाली कॅम्पर व्हॅन न्यायला येतो. म्हाताऱ्या माणसांना तंबूत कसं झोपवायचं?"