पट्ट्याला आणखी एक भोक

इंग्रजीच्या मास्तरांनी दाभण तापवलं आणि बायकोच्या घड्याळाच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. आजार तिला आतून पोखरत होता. डॉक्टरांनीही हात टेकले होते. “काय हो, मी आता तुमच्या कुठल्या शब्दात बसते?” पलंगावरून तिनं विचारलं. स्लिम म्हणजे कौतुक, थिन म्हणजे नुसती माहिती, स्किनी म्हणजे टोमणा, हे त्यांनी घरच्या शिकवणीत जन्मभर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं आणि तिनं स्वयंपाकघरातून ऐकून पाठ केलं होतं. “स्लिम,” मान वर न करता मास्तर म्हणाले. “असल्या उत्तराला पोरांचे मार्क कापायचात ना?” ती हसली. मास्तरांनी पट्टा बांधला. तिनं हात उचलला, तसं घड्याळ घरंगळत कोपरापर्यंत गेलं. मास्तरांनी पुन्हा दाभण घेतलं. “राहू द्या,” तिनं त्यांचा हात धरला. “तुमच्या स्लिमच्या मापाचे पट्टे मिळत नाहीत.”