पाटीभर मोडी

दुपारच्या शांततेत पाटीवर पेन्सिल करकरली, तशी सुगंधा दचकली.

चिंचणीच्या वाचनालयात ती कामाला होती आणि तिथल्या मोडी पोथीचं एक पान तिने काल चोरून घरी आणलं होतं. जुन्या वस्तू जमवणाऱ्या बोईसरच्या एका साहेबांना ते हवं होतं. त्याबदल्यात तिच्या नवऱ्याला, धीरजला, ते कारखान्यात कायम करणार होते. पान तांदळाच्या डब्यात होतं, साहेब संध्याकाळी न्यायला येणार होते.

तिच्या चार वर्षांच्या लेकीला, मेघालीला, अजून ग म भ न सुद्धा येत नव्हतं. तिने पाटीवर आधी लांब रेघ ओढली आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं अडकवत गेली, अगदी मोडी लिहितात तशी.

सुगंधाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "हे कुनी शिकवलं गं माज्या बायला?"

"कुनी नाय. मलाच येतं. तुलाच येत नाय!"

सुगंधाला हसू आलं, पण पाटीच्या कोपऱ्यातली चंद्रकोर दिसली आणि ते विरलं. चोरलेल्या पानावरही ती त्याच कोपऱ्यात होती.

तिने डब्यातून पान काढलं. ते दोन्ही बाजूंनी कोरं होतं.

मेघाली ओलं फडकं घेऊन समोर उभी राहिली.

"आई, पाटी भरली. पुसू?"