कोरा चहा

चौथा टेक संपला तरी स्वयंपाकघरात कुणी हललं नाही. नायिकेचे डोळे खरोखरच भरून आले होते. दिग्दर्शकाला ‘कट’ म्हणायचं भान राहिलं नव्हतं. शेवटी आवाज घेणाऱ्यानंच ते म्हटलं.

शूटिंगच्या नोंदी ठेवणारी ती दाराआड वही घेऊन उभी होती.

तिचं काम लक्षात ठेवायचं. ग्लास कोणत्या हातात होता, शर्टाचं वरचं बटण लावलेलं की उघडं, सगळं वहीत टिपायचं, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये घोटाळा होत नाही. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दारुड्याच्या बायकोला ही विद्या फुकट मिळते, असं ती एकदा हसत म्हणाली होती. नवरा तेव्हा हसला नव्हता.

तोच नवरा आता समोर दारुड्याचं काम करत होता. दहा-बारा माणसांनी मिळून काढलेला छोटा सिनेमा. दारूपायी उसवत गेलेल्या एका जोडप्याची प्रेमकथा. अकरा महिने त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. ग्लासात कोरा चहा असायचा. पण या टेकमध्ये घोट घेतल्यावर त्यानं डोळे मिटले आणि वरच्या ओठावरून जीभ फिरवली. ते पटकथेत नव्हतं. ते तिनं घरी पाहिलं होतं.

“दहा मिनिटं थांबू,” दिग्दर्शक म्हणाला. सगळ्यांत लहान तोच, पण सगळे त्याला सर म्हणत. “वहिनी, दादानं आज जीव ओतलाय. ऊन खिडकीतून जायच्या आत हेच एकदा जवळून घेऊ.”

“हो,” ती म्हणाली.

माणसं जिन्यात पांगली. नवरा तोंड धुवायला गेला. ओट्यावर ग्लास तसाच होता, तळाशी दोन बोटं उरलेली.

वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. थांबवलं. पुन्हा लावलं. ती ओट्यापर्यंत गेली आणि परत दाराशी आली. वहीचं पान उलटलं, सरळ केलं. पुन्हा ओट्याशी गेली. वास घेतला तर विश्वास जाणार, नाही घेतला तर झोप. तिनं ग्लास उचलून नाकाशी नेला.

चहा. गार, कोरा चहा.

तरी खात्री पटेना, म्हणून तिनं बोट बुडवून चाटलं. चहाच.

“साखर आहे का बघ,” मागून तो म्हणाला.

तो दारात उभा होता. हनुवटीवरून पाणी गळत होतं, टॉवेल हातातच राहिला होता. तिनं ग्लास खाली ठेवला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझं चुकलं.”

“नाही चुकलं.”

“अकरा महिने झाले, आणि मी अजूनही...”

“नाही चुकलं म्हणतोय ना.” तो जवळ आला. आवाज खाली आणला. “काल पेटीकाकांना मीच म्हटलं, एकदा खरी ओता. सीन खरा होईल.”

पेटीकाका म्हणजे शूटिंगला लागणाऱ्या सामानाची पेटी सांभाळणारे. ग्लास, बाटल्या, चहाचा थर्मास, सगळं त्यांच्या ताब्यात.

“मग?”

“म्हणाले, उद्या खुनाचा सीन असला तर कुणाला मारणार आहेस? आणि धाडकन पेटी लावली.”

“आणि आज?”

“आज सकाळी पुन्हा विचारलं.” त्यानं टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “त्यांनी नुसता थर्मासमधला चहा ओतला. मघाशी जीभ फिरवली ना, ती नटाची नव्हती. तुझ्या लक्षात आलंच असणार.”

ड्रिल थांबलं होतं. जिन्यातून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगतोय की.”

“सोड हा सिनेमा. आत्ताच्या आत्ता घरी जाऊ.”

“घरी जाऊन काय करू? तिथं पेटीकाका नाहीत.”

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला. त्याच्या हातातला टॉवेल ओढून घेऊन तिनं त्याचं तोंड पुसलं, जरा जास्तच जोरानं. त्यानं पुसू दिलं.

“चला, ऊन चाललं,” दिग्दर्शक आत येत म्हणाला. माणसं आपापल्या जागी आली. पेटीकाकांनी कुणाकडेही न बघता थर्मासमधून ग्लासात चहा ओतला, आणि थर्मास बगलेत मारून तिथंच उभे राहिले.

नवरा टेबलाशी बसला. त्यानं ग्लासाभोवती बोटं आवळली, तशी ग्लासातला चहा हलायला लागला.

“दादा, ही थरथर कमाल आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “अशीच ठेवा.”

नवऱ्याची नजर दाराकडे गेली. दाराआड कुणी नव्हतं. तिनं एक स्टूल ओढत आणलं होतं आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, बरोबर त्याच्या समोर, ती बसत होती.

“वहिनी, तुमचा खांदा फ्रेममध्ये येतोय,” कॅमेरामन म्हणाला.

ती वीतभर सरकली.

“अजून थोडं मागं.”

“याच्या मागं मी सरकणार नाही,” ती म्हणाली. “कॅमेरा हलवा.”